दुखणेकऱ्याचा हिशेब

जुनाट दुखणे माणसाला हिशेबी करते. आमवात माझ्या सांध्यांत बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूसारखा कित्येक वर्षे ठाण मांडून आहे. एक जिना चढले की तासभराची विश्रांती, एका लग्नाला गेले की दोन दिवसांचे अंथरूण, असे आमचे दर ठरलेले आहेत.

२०१९च्या पावसाळ्यात मेट्रोच्या कारशेडसाठी मुंबईच्या आरेतली दोन हजारांवर झाडे तोडायचे घाटत होते. दर रविवारी तिथे माणसे हातात हात धरून उभी राहत. मी निघाले तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या जाण्याने एक झाड तरी वाचणार आहे का?" प्रश्न रास्त होता. मी घडीची खुर्ची उचलली. ती साखळी माझ्यापाशी जराशी खाली वाकली आणि पुढे गेली. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने माझी सुजलेली बोटे दाबली नाहीत. नुसती तळहातावर ठेवून घेतली.

४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. ह्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

बदली रोपे लावली, असे सांगतात. रोपांशी माझे वैर नाही. पण झिजलेला सांधा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, हे ज्याला रोज सकाळी उठताना कळते, त्याला जुन्या झाडाची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही. उरले आहे ते जपायचे, एवढीच विद्या दुखणेकऱ्याला येते. त्या रविवारचे दोन दिवस मी अंथरुणात फेडले. सौदा महाग पडला असे मला वाटले नाही.