रुळांचा पुढचा तुकडा कुठे मिळेल?

मंडळी, भाच्याला आगगाडीचा सेट दिल्यापासून ऑफिसात मी या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. दिवाळी किंवा कुणाच्या पोराचा वाढदिवस जवळ आला की चहाच्या टपरीवर प्रश्न येतोच. "ती रुळांवर विजेवर धावणारी, अगदी खऱ्यासारखी छोटी ट्रेन कुठे मिळते रे? भेट द्यायची आहे."

मी उलट विचारतो, "पुढच्या वर्षी काय देणार?"

प्रश्न आगाऊ वाटेल, पण या खेळण्याचा जन्मच त्यातून झालाय. जर्मनीतल्या गोपिंगन गावची मेर्कलिन ही कंपनी १८५९ सालची. सुरुवातीला ते बाहुलीच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडीकुंडी बनवायचे. बाहुलीचं घर एकदा घरात आलं की दर नाताळला त्यात काहीतरी भर पडते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तीच युक्ती त्यांनी आगगाडीला लावली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी चावीची गाडी मांडली. आधी एक गोल घ्या, मग सवडीने वाढवत न्या. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी इंटरफेस पक्का केला आणि मग वर्षानुवर्षं प्लगइन विकली!

थोडक्यात काय, तर पहिला खोका ही नुसती सुरुवात असते. त्यामुळे 'सेट कुठे मिळेल' हा प्रश्न दुय्यम. 'रुळांचा पुढचा तुकडा कुठे मिळेल' हा खरा प्रश्न. माझ्या एका सहकाऱ्याने मुलीसाठी जालावरून एक झकास दिसणारा सेट मागवला. महिन्याभरात दोन रुळांना जोडणारी क्लिप तुटली. विक्रेत्याचं उत्तर, "तो माल आता येत नाही." इंजिन ठणठणीत, डबे ठणठणीत, पण सगळं माळ्यावर. कारण काय, तर बोटाच्या पेराएवढा एक तुकडा.

तेव्हा आधी माप बघा. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश गाड्या बहुतेक ओओ मापाच्या, म्हणजे १:७६, पण धावतात त्याच १६.५ च्या रुळावर. एन हे त्याहून लहान, ९ मिलिमीटरचे रूळ. वन बीएचके असेल तर एन मोहात पाडतं, पण सात वर्षांच्या हातांना ते डबे रुळावर चढवताना घाम फुटतो. मुलासाठी एचओ बरं. त्याच्या साध्या लंबगोलाला साधारण चार फूट बाय साडेतीन फूट जागा लागते. ती घरात आहे का, हे मुलाच्या आईला विचारा. मुलाला विचारू नका, तो 'हो'च म्हणणार.

मग वीज. बहुतेक कंपन्यांच्या साध्या सेटमध्ये एक रूळ धन, दुसरा ऋण, बारा व्होल्टच्या आसपास. दिशा उलटी केली की गाडी मागे. मेर्कलिनच्या एचओ रुळांत मात्र मधोमध बारीक टिकल्यांची तिसरी वाट असते. दुसऱ्या कंपनीचं साधं इंजिन त्यावर चालत नाही. एकदा त्या घरात शिरलात की तिथलेच झालात.

आता दुकानं. मूल पाचाच्या आतलं असेल तर लक्ष्मी रोड किंवा क्रॉफर्ड मार्केटमधली सेलवर चालणारी प्लास्टिकची गाडी घ्या आणि सुखी व्हा. मोठ्या मुलासाठी खर्च करण्याआधी पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे मुलाला घेऊन जा. पोरगं दहा मिनिटांत 'चला आता' म्हणालं, तर तुमचे बरेच पैसे वाचले. काचेला नाक लावून उभं राहिलं, तर पुढे वाचा.

परदेशातून मागवायचं तर आयात शुल्क आधी तपासा. खेळण्यांवरचं मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. त्यामुळे बाहेरचा खोका कस्टममध्ये अडकू शकतो. कुणी येणारा-जाणारा आणणार असेल तर ॲडॉप्टरवरचा बारीक मजकूर वाचायला सांगा. जर्मनीची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, अमेरिकेची १२०. नुसतं १२० लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे लावलात तर गाडीआधी धूर निघेल.

माझं म्हणाल तर मी बंगळुरात, ताई पुण्यात. भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला सेट दिला. ताई म्हणाली, "महिनाभर खेळेल, मग बघ." तिचं अगदीच चूक नव्हतं. गोल गोल फिरणारी गाडी किती वेळ बघणार? मधे मधे रुळांवर धूळ साचायची, गाडी अडखळायची, मग मी फोनवरून सांगायचो, "कपड्याला स्पिरिट लावून पूस." पुढच्या वाढदिवसाला मी फक्त एक सांधा नेला. सांधेवाला बदलतो तो सांधा, जिथे एका रुळाचे दोन होतात. जोडीला सरळ रुळांचे चार तुकडे. खोका चपलेच्या खोक्याहून लहान. ताईला वाटलं, मामा यंदा कंजूष झाला.

पण गाडीला आता जायला दोन जागा झाल्या. एक डबा बाजूला काढून ठेवता येऊ लागला. भाच्याने पुठ्ठ्याचं लोणावळा बांधलं, मग वेळापत्रक लिहिलं. हल्ली फोनवर तो शाळेबद्दल काही सांगत नाही. कुठल्या गाडीला कुठे थांबवावं लागलं आणि का, हे मात्र पंधरा मिनिटं सांगतो. हजार किलोमीटरवरच्या मामाला याहून जास्त काय हवं?

तर, भेट एकदाच देऊन मोकळं व्हायचं असेल तर सरळ सायकल द्या, उत्तम वस्तू आहे. आगगाडी देणार असाल तर दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारा, "याचा सांधा सुटा मिळतो का?" तो 'हो' म्हणाला आणि काढून दाखवला, तर तेच तुमचं दुकान.

असो. यंदा सिग्नल न्यायचाय, त्याची वायरिंग आधी मलाच शिकायला हवी. तुमच्याकडे कुणी जाणकार असेल तर कळवा. :)