ओलं फडकं आणि टेस्ट लॅम्प

मे महिन्यात कसारा घाटात बोनेट उघडं टाकून उभी असलेली फियाट आणि तिच्या पंपावर ओलं फडकं, हे दृश्य शहापूर-मुरबाडच्या पन्नाशीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाने आणि चढाने इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, पुरवठा तुटायचा. मग पाणी ओता, पंप गार होऊ द्या, आणि विडी ओढायची तर लांब जाऊन ओढा.

त्या पंपाचा विजेशी संबंधच नव्हता. कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा दांडा हलवायचा, आतला रबरी पडदा वरखाली व्हायचा आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे चढायचं. मिस्त्री त्याला कंपनीच्या नावावरून ‘एसी पंप’ म्हणत. संशय आला की नळी सोडायची, सेल्फ मारायचा; पेट्रोलची पिचकारी उडाली तर पंप निर्दोष. हा निवाडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा. माळशेजच्या वाटेवर टोकावड्याला गाडी थांबली, तर ट्रकचा क्लीनर, एसटीचा ड्रायव्हर, म्हशाच्या जत्रेला निघालेला शेतकरी, सगळे बोनेटभोवती जमत आणि प्रत्येकाचं मत वेगळं असे.

डिसेंबर 1983मध्ये आलेल्या मारुती 800लाही कार्बोरेटरच होता. 1998मध्ये सॅन्ट्रो एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्यूल इंजेक्शन, घेऊन आली आणि एप्रिल 2005मध्ये बीएस-2चे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाल्यावर नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपारच झाला. पंप विजेवर चालू लागला आणि टाकीत जाऊन बसला.

त्या पिढीतल्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात. त्यांचं दुखणं कानाने ओळखायचं. चावी ‘ऑन’ केली की मागून दोनेक सेकंद बारीक घरघर यायला हवी. नाही आली तर आधी फ्यूज, मग रिले. शेजारचा तसलाच रिले काढून लावून बघायचा. तरी शांतता असेल तर एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने पंपाच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प धरायचा. दिवा लख्ख लागला आणि पंप गप्प, तर पंप गेला. मिणमिणला, तर वायर किंवा अर्थिंग गंजलंय. मल्टिमीटर इथे फसवतो: लोड नसताना तो खुशाल बारा व्होल्ट दाखवतो. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगचा बोल्ट हिरवा पडतो आणि भातकापणीनंतर उंदीर वायर कुरतडतात. त्यात शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून फिरायची सवय. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं, हे कोणाच्या ध्यानात नसतं.

जुना पंप परत यावा असं मुळीच वाटत नाही. तोंडाने नळी ओढताना पेट्रोल गिळलेल्या माणसाला विचारा. हरवली ती ती गर्दी आणि तिची फुकटची मतं. आताही वाटसरू थांबतो, टोइंगवाल्याचा नंबर देतो आणि निघतो. त्याचा तरी काय दोष? वाकून बघावं असं बोनेटखाली काही उरलंच नाही.