डब्यातला जीव

रंध्याचे पाते बोथट झाले की सुतार स्वतःच धार लावी. आता आमच्या मोहल्ल्यातही बॅटरीवरचे ड्रिल आले. दोन-चार वर्षांत बॅटरी दम तोडते. नवी घ्यायची तर किंमत जवळपास नव्या ड्रिलइतकी! मोटर धडधाकट, पण रोजंदारी बुडते.

आम्ही उर्दू शाळेत ‘बर्की रौ’ शिकवतो, म्हणून शेजारच्या सुतारचाचांनी आपली बॅटरी आमच्यापुढे ठेवली. १८ व्होल्टच्या डब्यात लिथियमचे किमान ५ सेल एका माळेत असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचा. एक कमजोर झाला की सारी माळ बसते. तरी एकटाच बदलू नये. सगळे एकसारखे, नवे आणि जास्त करंट पेलणारे घालावेत. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी. थेट डाग दिला तर उष्णतेने सेल बिघडतो. चूक झाली तर आग लागते, म्हणून आम्ही चाचांना जाणकार कारागिराकडे नेले.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांतले कॅडमियम तर विषारी. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण दुरुस्तीचे काय? सुताराचे अवजार त्याला परवडेल अशा खर्चात पुन्हा चालू झाले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.