बिनपावतीचा पाहुणा

आमच्या कुटुंबांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत आणि त्या अकराहि जणांचीं नांवें शिधापत्रिकेवर आहेत. बारावा एक जीव मात्र २०१९ सालापासून आमच्या घरीं राहत, जेवत आणि वाढत होता, आणि त्याची नोंद कोठेंच नव्हती. ही गोष्ट आमच्यापैकीं कोणालाहि पांच वर्षें खटकली नाहीं, हें सांगतांना आज मला ओशाळल्यासारखें होतें. कारण आमचें घर हें नोंदी ठेवणारें घर आहे. वडिलांच्या हातचीं दूधवाल्याच्या हिशेबाचीं टिपणें अजून आमच्या कपाटांत जपून ठेवलेलीं आहेत!

हा बारावा जीव आला तो बुटांच्या खोक्यांतून. माझ्या पुतण्याचा मुलगा अद्वैत तेव्हां अकरा वर्षांचा होता. वाढदिवसाला मिळालेले पैसे त्यानें सांठविले, मित्राच्या मोठ्या भावाला बरोबर घेतलें, आणि मुंबईच्या एका बाजारांतून तें खोकें आणलें. आंत वीतभर लांबीचा, पोपटी रंगाचा एक सरडा बसला होता. 'इग्वाना' हें त्याचें नांव आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतला हा रहिवासी कोपरच्या आमच्या दिवाणखान्यांत कसा येऊन पोंचला, हें कोणीहि विचारलें नाहीं. वहिनींनीं विचारलें तें निराळेंच.

"हे खातं काय?"

"पालेभाजी," अद्वैत म्हणाला.

"आणि किडेमुंग्या?"

"मुळीच नाही. तो पूर्ण शाकाहारी आहे, आजी."

संपलें! ज्या घरांत मांजराला दूधभातावर वाढविण्याचा प्रयोग तीन पिढ्या झाला आणि तीन पिढ्या फसला, त्या घराला ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें हवें होतें? दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडतांना वहिनी चार कोंवळीं पानें बाजूला काढून ठेवूं लागल्या. जास्वंदीचीं फुलें, शेवग्याचा पाला आणि लाल भोपळ्याचा कीस हें त्याचें पंचपक्वान्न. चातुर्मासांत कांदालसणाला न शिवणारा घरांतला एकमेव पुरुष म्हणून त्या त्याचा दाखला आम्हां भावांना देऊं लागल्या. त्याच्या गळ्याखालीं कातड्याची एक मोठी पोळी लोंबते आणि कोणी जवळ आलें कीं ती तो गंभीरपणें फुगवितो. त्यावरून त्याचें नांव 'पंत' पडलें.

पंत वाढले. वीतभराचे हातभर झाले, हातभराचे साडेचार फूट झाले. त्यांत शेंपटीचा वांटा निम्म्याहून अधिक. खोकें गेलें, पिंजरा आला, पुढें पिंजराहि गेला आणि गॅलरीचा अर्धा भाग जाळी लावून त्यांना द्यावा लागला. ऊब देणारा एक दिवा आणि उन्हाची उणीव भरून काढणारा दुसरा, असे दोन दिवे त्यांच्यासाठीं जळूं लागले. कारण योग्य प्रकाश मिळाला नाहीं तर ह्या प्राण्याचीं हाडें मऊ पडतात. नीट सांभाळला तर तो पंधरा-वीस वर्षें जगतो. हें सर्व अद्वैतानें वाचून काढलें होतें. मात्र विकणाऱ्यानें वीतभर पिलूं हातांत देतांना त्यांतलें कांहींच सांगितलें नव्हतें, आणि पावतीहि दिली नव्हती.

आतां कायद्याविषयीं थोडें लिहिणें भाग आहे. १९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा झाला तो आपल्या देशांतल्या प्राण्यांसाठीं. घोरपड, नाग, पाठीवर चांदण्या असलेलें कासव, फार काय, पिंजऱ्यांत बसून विठूविठू करणारा आपला पोपटहि त्याच्या छत्राखालीं येतो. माझ्या आजोळच्या ओसरीवर असा एक पिंजरा टांगलेला असे. आज तो टांगला तर गुन्हा ठरेल. परदेशी प्राण्यांची व्यवस्था मात्र निराळी होती. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा 'साइट्स' नांवाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला आणि १९७६ सालीं भारत त्यांत सामील झाला. त्यामुळें सीमेवर जकातखातें असा प्राणी अडवूं शके. पण एकदां का तो सीमा ओलांडून कोणाच्या घरांत शिरला, कीं त्याची विचारपूस करणारें कलम ह्या वन्य जीव कायद्यांत नव्हतें. पंत ह्याच फटींतून आमच्याकडे आले.

२०२० च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें एक सवलत दिली : सहा महिन्यांत आपण होऊन माहिती द्या, कागदपत्रें मागणार नाहीं. तेव्हां टाळेबंदी चालू होती, आणि आमचें लक्ष भाजीवाला येतो कीं नाहीं ह्यावर होतें. मग २०२२ च्या डिसेंबरांत कायद्याची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलांत आली, आणि करारांतल्या प्राण्यांची यादी कायद्याची चौथी अनुसूची म्हणून येऊन बसली. हिरवा इग्वाना त्या यादींत आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं नोंदणीचे नियम निघाले : अशा प्राण्याची माहिती सहा महिन्यांच्या आंत 'परिवेश' ह्या सरकारी संकेतस्थळावर द्यावी. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार मान्य केल्यापासून तो घरच्या कायद्यांत उतरविण्यास सरकारला ४६ वर्षें लागलीं. आम्हांला मिळाले सहा महिने! हें गाऱ्हाणें मी पुष्कळांपाशीं केलें आहे, आणि तें अगदींच पोकळ आहे असें मला अजूनहि वाटत नाहीं.

ही बातमी आमच्या घरांत पोंचली तेव्हां ऑगस्ट उजाडला होता. रविवारीं जेवणाच्या वेळीं सभा भरली. माझे मेहुणे वकिली करतात. ते शांतपणें म्हणाले, "नाना, पावती नाही, बिल नाही. कशाला आपण होऊन फास गळ्यात घालून घेता? गॅलरीला पडदा लावा." धाकट्या भावाचें मत पडलें कीं पंतांना रात्रीं खाडीवर नेऊन सोडून द्यावें; प्राण्याला मुक्ति मिळेल आणि आपल्यालाहि. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. अद्वैत पानावरून उठून गेला.

आणि मी? उणीपुरीं चौतीस वर्षें मी कोपर-डोंबिवली ते मुंबई असा आगगाडीनें प्रवास केला, पण पासाची मुदत संपल्यावर एक दिवसहि डब्यांत पाऊल ठेवलें नाहीं. घरांतल्या मुलांना ही गोष्ट मीं इतक्यांदा ऐकविली आहे कीं तीं ती माझ्या आवाजांत म्हणून दाखवितात. तो मी त्या दुपारीं मेहुण्यांच्या बाजूनें बोललों. "पडदा लावूं," असें मीं म्हटलें. दोन खण मोठ्या कापडाचें मापहि घेतलें.

संध्याकाळीं मी खाडीच्या बाजूला फिरायला गेलों. कोपरचें स्थानक दुमजली आहे. खालून मुख्य मार्गावरच्या गाड्या जातात आणि वरून दिवा-वसई मार्गावरच्या. तो सगळा खडखडाट मागें टाकून खाडीकडे गेलें कीं खारफुटीचें रान लागतें. भरतीचें पाणी मुळांत शिरत होतें. पंत येथें सुखानें राहतील, असें मनांत येतें न येतें तोंच ओळखीचे एक आगरी गृहस्थ भेटले. मीं आडवळणानें विषय काढला. ते म्हणाले कीं गांवच्या तळ्यांत त्यांच्या नातवाच्या गळाला मागच्या वर्षीं एक कासव लागलें. त्याच्या गालावर तांबडा पट्टा होता, आणि असलें कासव त्यांनीं उभ्या जन्मांत ह्या तळ्यांत पाहिलें नव्हतें. मीं तें ओळखलें. शोभेच्या माशांच्या दुकानांत रुपयाएवढीं विकायला असतात तींच हीं अमेरिकेंतलीं कासवें. मोठीं झालीं, नकोशीं झालीं, कीं लोक पुण्य म्हणून पाण्यांत सोडतात. मग तीं आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घांस आणि उन्हाला बसण्याची जागा बळकावतात.

इग्वानाचें तर त्याहून वाईट. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत हौशी लोकांनीं सोडलेल्या आणि हातून निसटलेल्या इग्वानांची प्रजा इतकी माजली आहे, कीं थंडीच्या एखाद्या रात्रीं ते गारठून झाडांवरून टपाटप खालीं पडतात आणि ऊन चढलें कीं पुन्हां चालूं लागतात. बागा फस्त करतात, बंधाऱ्यांत बिळें करतात. २०२१ सालीं तेथेंहि ते पाळण्यास मनाई झाली. ज्यांच्याकडे आधींपासून होते त्यांना खुणेची चकती कातडीखालीं बसवून परवाना घ्यावा लागला. कोपरच्या खाडींत तर गारठविणारी थंडीहि नाहीं.

रात्रीं गॅलरींत गेलों तर अद्वैत पंतांपाशीं अंधारांत बसला होता. मला पाहून तो म्हणाला, "नानाआजोबा, मी याला आणलं तेव्हा तो कुठून आला असं तुम्ही का नाही विचारलंत?"

मीं उत्तर दिलें नाहीं. तोच पुढें सांगूं लागला. २०२३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या विमानतळावर बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडविलेले ९ अजगर आणि २ कॉर्न स्नेक सांपडले होते. तीं चित्रें त्यानें पाहिलीं होतीं, आणि तेव्हांपासून पंत कोणत्या पुड्यांतून आले असतील हा विचार त्याला सोडीत नव्हता. बरोबरीचीं किती पिलें वाटेंतच गेलीं असतील, असेंहि त्यानें विचारलें. पांच वर्षें ज्या घरांत पंतांच्या तीर्थप्रसादाची चौकशी होत होती, त्या घरांत हा प्रश्न प्रथम पडला तो सर्वांत धाकट्या माणसाला.

(येथें एक गंमत सांगतों. त्या अकरांपैकीं नऊ अजगर करारांत आहेत, दोन कॉर्न स्नेक नाहींत. म्हणजे तोच प्रवासी, तेंच सामान. पण घरीं पोंचलेंच असतें तर नऊंची नोंद लागली असती आणि दोघांची नसती. जाळें अजून असें विरळ आहे. २०२५ च्या जूनच्या आरंभीं थायलंडहून आलेल्या एकाच माणसाजवळ ४७ विषारी साप निघाले. आणि त्याच वर्षीं आमच्या डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतींतल्या एका सदनिकेंत विदेशी प्राण्यांबरोबर चक्क ओरांगउटानाचें पिलूं मिळालें. ह्या मंडळींना पडदा लावण्याचा सल्ला कोणी दिला असेल तो असो. माझें मत विचाराल तर पोरांच्या वाढदिवसाच्या पैशांवर टपलेल्या दुकानदाराच्या मागें कायद्यानें आधीं लागावें आणि पोरांच्या मागें नंतर.)

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे संगणकापुढें बसलों. संकेतस्थळ दोनदां अडलें, पंतांचें छायाचित्र तीनदां परत आलें. प्राणी ज्याच्या ताब्यांत आहे त्याचें नांव हवें होतें. अद्वैत सोळा वर्षांचा, म्हणजे कायद्याच्या भाषेंत 'अज्ञान'. मीं माझें नांव घातलें. मग तो रकाना आला : प्राणी कोठून व कसा मिळविला? मेहुण्यांनीं दूरध्वनीवरून सुचविलें कीं 'भेट मिळाला' असें लिहावें; त्यांत खोटेंहि फारसें नाहीं. अद्वैत माझ्याकडे पाहत होता. मीं लिहिलें : २०१९ सालीं मुंबईच्या बाजारांतून विकत घेतला, पावती नाहीं, त्या वेळीं चौकशी केली नाहीं. शेवटचें वाक्य नको होतें, असें मेहुण्यांचें अजून मत आहे.

पुढचे कांहीं महिने दारावरची घंटा वाजली कीं अद्वैत आधीं गॅलरीकडे धांवे. पंतांना नेतील ही त्याची भीति खोटी होती असें मी म्हणूं शकत नव्हतों. त्याची तयारी ठेव, एवढेंच मीं त्याला सांगितलें होतें, आणि त्यानें पंतांच्या आहाराचा एक तक्ता स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवला होता, ते जेथें जातील तेथल्यांसाठीं. अखेरीस नोंद झाल्याचा कागद आला. पंत आमच्याकडेच राहणार होते. मात्र त्यांना कोणाला द्यायचें तर कळवायचें, आणि ते गेले तरीहि कळवायचें.

कागद शिधापत्रिकेच्या शेजारीं ठेवण्यापूर्वीं वहिनींनीं तो मागून घेतला. चष्मा लावून त्या नांवाचा शोध करूं लागल्या.

"भाऊजी, पंत असं कुठं लिहिलेलं दिसत नाही."

त्यांचें शास्त्रीय नांव लिहिलें आहे, मीं सांगितलें : इग्वाना इग्वाना.

"दोनदा?" वहिनी म्हणाल्या. "एकदा सांगून सरकारला ऐकू येत नाही वाटतं!" आणि देवपूजेच्या परडींतलीं दोन जास्वंदीचीं फुलें उचलून त्या गॅलरीकडे गेल्या.