मांडी घालून बसता आलं पाहिजे

परभणीच्या मोंढ्यात आडतीचं दुकान म्हणजे गादी, लोड, वह्यांचं कपाट आणि समोर काटा. हंगामात सकाळी घातलेली मांडी दिवेलागणीपर्यंत सुटत नाही. कमरेला कोणतं हत्यार चालतं आणि कोणतं चालत नाही, हे मला या गादीनं शिकवलं.

मी परवाना काढला तेव्हा सगळा व्यवहार रोखीचा होता. सेलू-मानवतच्या जिनिंगमधून पैसे उचलायचे आणि रात्री मोटारसायकलवर परत यायचं. एका रात्री दोघांनी गाडी आडवी घातली. बॅग गेली, मनगट मोडलं. त्यानंतर अर्ज, पोलिसांची पडताळणी आणि कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या. परवाना हातात पडल्यावर निवड करायची असते असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात निवडायला फारसं काही नव्हतं. ९ मिमी ही फौजेची आणि पोलिसांची गोळी, ती तुम्हा-आम्हाला मना. परदेशी पिस्तुलांची आयात केव्हाच बंद झालेली, त्यामुळे एखादं जुनं वॉल्थर पीपीके विकायला निघालंच तर भाव ऐकून तांब्याभर पाणी प्यावं. उरतो तो .३२ बोअर.

सगळे म्हणाले, रिव्हॉल्व्हर घ्या, ते अडत नाही. ते खरंही आहे. कानपूरचं सहा गोळ्यांचं घेतलं. उभं राहिलं की अंगावर आहे असं वाटायचंही नाही. मांडी घातली की मात्र गोळ्यांची ती दीडेक इंच जाड चकरी बरगडीखाली रुतायची. लोडाला टेकलं की सदऱ्याखाली गाठ आल्यासारखा फुगवटा दिसायचा.

हे दुखणं माझं एकट्याचं असतं तर मी सोसलंही असतं. एकदा गंगाखेडकडचा एक शेतकरी कापसाच्या भावासाठी समोर बसला होता. वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. मी वही घ्यायला वळलो आणि सदरा वर सरकला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "शेठ, भाव सांगायलेत का भेव दाखवायलेत?" मी हसण्यावारी नेलं. तो हसला नाही. सांगितलेल्या भावाला माल घालून गेला आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या आडतीवर दिसला. त्या दिवशी मी भाव पडता सांगितला नव्हता, पण हे त्याला पटवायचं कसं? कमरेला लोखंड लावून बसलेल्या माणसाशी घासाघीस कोण करणार?

म्हणून चपटं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. मध्यंतरी, २०१४ साली, कानपूरनंच स्त्रियांसाठी 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं होतं. अर्ध्या किलोच्या आसपास वजन, हातात घेतलं की फूल. पण चकरी ती चकरीच. पिस्तुलात गोळ्या मुठीच्या पोकळीत एकीवर एक बसतात, म्हणून सगळा ऐवज इंचभर जाडीत मावतो. त्यातली .३२ ची गोळी जॉन ब्राउनिंगची, १८९९ ची. मोंढ्यात मात्र 'बत्तीस म्हणजे बत्तीस' असं बिनदिक्कत सांगतात. तसं नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, पिस्तुलाचं आखूड, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. बनतात मात्र दोन्ही आपल्या खडकीत.

ब्राउनिंग म्हटलं की मराठी माणसाला नाशिक आठवतं. लंडनहून सावरकरांनी पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग धाडली आणि २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा'च्या प्रयोगाला, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. चपटेपणा ज्याच्या कमरेला असेल त्याचं काम करतो.

मी घेतलं ते बंगालमधल्या सरकारी कारखान्याचं. मूठ आखूड, माझी करंगळी खाली लोंबते. रिव्हॉल्व्हरला नसलेली नखरेल तब्येत त्याला आहे. जिनिंगमध्ये तासभर थांबलं तरी रुईची तूस त्याच्या फटींत शिरते. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ वर गेला की घामाचं मीठ चामड्याच्या म्यानात मुरतं आणि लोखंडाच्या निळाईवर तांबूस ठिपके उठतात. म्हणून रोज रात्री खोलून पुसायचं, थेंबभर तेल, मग तिजोरीत. आधी मी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचो, नोटांच्या जागी. ती चूक होती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते म्यानातच हवं आणि पूर्ण झाकलेलंही हवं. काही मंडळींना हे झाकणंच जड जातं. परवाना मिळाला आणि कुणाला दिसलाच नाही, तर लग्नाच्या पंगतीत मिरवायचं काय?

चपट्याचा खरा दोष वेगळाच. ते विसरायला होतं. एका दुपारी नातू पाठीवर चढला आणि म्हणाला, "आबा, हे काय टोचतंय?" तोवर ते अंगावर आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवसापासून घराचा उंबरा ओलांडला की चप्पल काढायच्या आधी ते काढतो.

नोटाबंदीनंतर पट्टीचे पैसे बहुतेक बँकेतूनच जातात. रात्रीच्या फेऱ्या थांबल्या. निवडणुका लागल्या आणि पोलिसांचा हुकूम आला की पिस्तूल ठाण्यात जमा होतं. ते महिने मी त्याच्याशिवाय काढतो, आणि गादीवर बरा बसतो. परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. अर्ज आणून ठेवलाय, भरलेला नाही.

तरीही कुणाला घ्यायचंच असेल, तर दुकानात ते उभ्यानं कमरेला लावून आरशात बघू नका. रिकामं पिस्तूल म्यानात घाला, जमिनीवर मांडी घालून पाऊण तास बसा, आणि समोर अशा माणसाला बसवा ज्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याची नजर तुमच्या कमरेकडे गेली, तर ते परत करा.