विडी, वेप आणि मशेरी

चांदीप गावच्या टपरीवर ओळखीच्या एका पोराने विचारलं, "दादा, इंग्लंडात सरकारच वेप देतं म्हणे, सिगारेट सोडायला. मग आपल्याकडे बंदी का?"

ऐकीव असली तरी गोष्ट खरी आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये तिथे दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासह वेपचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा, संच देण्याची योजना जाहीर झाली.

*

त्यामागे अभ्यास आहेत. 2019 साली ब्रिटनच्या धूम्रपानमुक्ती केंद्रांतल्या 886 जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना वेप, बाकीच्यांना निकोटिनची गोळी, पट्टी, च्युइंगम, समुपदेशन दोघांनाही. वर्षभराने सिगारेट सुटलेले वेपवाले 18 टक्के, दुसरे 9.9. मात्र सुटलेल्या वेपवाल्यांपैकी 80 टक्के तेव्हाही वेप ओढतच होते. दुसऱ्या गटात सुटलेल्यांपैकी गोळी-पट्टीला अशी चिकटून राहिलेली माणसं फक्त 9 टक्के.

सिगारेट गेली, निकोटिन राहिलं. तरी याला मी हार म्हणणार नाही. जळत्या तंबाखूचं डांबर तरी छातीत जायचं थांबलं.

*

वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2024 मध्ये 88 अभ्यास एकत्र तपासले. शंभरातले 8 ते 10 वेपने सोडतात, गम-पट्टीने 6, नुसत्या समुपदेशनाने किंवा कशाच्याही आधाराशिवाय 4. म्हणजे वेप सरस, पण त्यानेही नव्वद जणांची सुटत नाहीच. हा आकडा जाहिरातवाले सांगत नाहीत.

*

आपल्याकडे 18 सप्टेंबर 2019 ला वेपबंदीचा वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा. विक्रीला पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरांना नवं व्यसन लागेल ही भीती, आणि ती पोकळ नाही. पण विडीचं बंडल उघड्यावर आणि वेप गुन्हा, हे गणित मला पटत नाही.

*

आता आपलं घर बघू. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ 3.8 टक्के, खाणारे, लावणारे 24.4 टक्के. सकाळी तव्यावर मशेरी भाजणाऱ्या आजीला वेपचा काय उपयोग? ब्रिटनच्या त्या चाचणीत तिच्यासारखं कुणी नव्हतं.

*

तिच्या जवळचा पुरावा दिल्लीचा आहे. गरीब वस्त्यांत घरोघरी जाऊन पंधराएक मिनिटांचा सल्ला आणि श्वासाचे व्यायाम शिकवले. सहा महिने तंबाखू सोडून राहिलेले 2.6 टक्के, ज्यांना जेमतेम मिनिटभराचा सल्ला मिळाला त्यांच्यात 0.5. आकडा किरकोळ, पण खर्चही किरकोळ. आशाताईंना हे शिकवता येईल. वेपवरच्या बंदीवर भांडण्याआधी मी हे मागेन.

*

कुणाला तंबाखू सोडायचीच असेल तर दोन मिलिग्रॅमची निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. सोडायला मदत करणारा फोन फुकट आहे: 1800-11-2356. 2018 पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो.