मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा

जॉर्ज ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण १८९४ पासून हाती घेतलं आणि १९०३ ते १९२८ या काळात एकेक खंड करून छापलं, त्यात परभणी नाही. नजरचुकीने राहून गेली असंही नाही. निजामाचं हैदराबाद संस्थान, म्हैसूर, मद्रास इलाखा आणि ब्रह्मदेश हा सगळा मुलूख त्या सर्वेक्षणाने हातीच घेतला नव्हता. परभणी तेव्हा निजामाकडे होती; जिल्ह्यातल्या जिंतूरच्या उत्तरेला मात्र वऱ्हाड लागतं. तिथला कारभार इंग्रजांचा, म्हणून वऱ्हाड आत आणि आम्ही बाहेर. डोंगराच्या या बाजूच्या तांड्यात जी भाषा बोलतात तीच त्या बाजूच्याही तांड्यात बोलतात, पण तेव्हा कागद सरहद्दीपर्यंतच आला.

ती भाषा म्हणजे गोरमाटी, किंवा गोरबोली. आपण बाहेरचे तिला बंजारा, लमाणी, लंबाडी अशा नावांनी ओळखतो. १९०७ साली निघालेल्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली आणि खानदेशीच्या सोबत ‘बंजारी किंवा लभाणी’ सापडते. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर करून घ्यायचं, ही ग्रिअर्सनची पद्धत. तुलनेला ती सोयीची, हे मान्यच. पण पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन पालथी घालणाऱ्या, मोगलांच्या फौजांना रसद पुरवणाऱ्या लोकांकडे बापाची मालमत्ता उधळणाऱ्या मुलापेक्षा सांगण्यासारखं बरंच काही असणार. ते विचारायला कोणाला सवड नव्हती.

भाषांचं दस्तऐवजीकरण हा माझा व्यवसाय आहे. हा शब्द मला स्वतःला आवडत नाही, तहसील कचेरीचा वास येतो त्याला. पण काम सोपं सांगता येतं: माणसं एकमेकांशी खरोखर जे बोलतात ते आवाजासकट, जमल्यास चित्रासकट नोंदवायचं. ते बोलणाऱ्यांच्याच मदतीने लिहून काढायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि पुढे कोणालाही तपासता येईल अशा रीतीने जपून ठेवायचं. व्याकरण आणि कोश त्यातून नंतर निघतात. निकोलाउस हिमेलमान या जर्मन भाषावैज्ञानिकाने १९९८ साली ही वेगळी शाखा म्हणून मांडली. त्याआधी बहुतेकदा भाषाशास्त्रज्ञ भाषकाला समोर बसवून विचारायचा, ‘मी जातो’ला काय म्हणता? ‘तू जातोस’ला काय म्हणता? अजूनही पुष्कळांचं काम असंच चालतं.

मराठीतून विचारलं की उत्तरही मराठीच्या चालीचं येतं. शब्द गोरमाटी असतात, वाक्य मराठी वळणाचं होतं. समोरचा सज्जन असतो, आपल्याला सोपं जावं म्हणून तो आपल्या वाक्याच्या मापाने स्वतःचं वाक्य कापतो.

पण गोरमाटीत याहून मोठी अडचण आहे. तांड्यात कोणीही ‘कोर’, म्हणजे बिगर बंजारा माणूस आला की सगळे मराठीत बोलू लागतात. वीस माणसं बसलेली असोत, त्यातली अठरा एकमेकांचे नातलग असोत; एक कोर आला की भाषा बदलते. तो पाहुणचाराचाच भाग आहे. पाहुण्याला कळणार नाही असं बोलणं वाईट दिसतं. मी गोरमाटी शिकले, बऱ्यापैकी बोलते, तरी आज्या माझ्याशी मराठीतच बोलतात. ‘निरीक्षकाचा पेच’ म्हणून अमेरिकेतल्या विल्यम लबॉव्हने जे सांगितलं ते हेच: माणसं कोणी पाहत नसताना कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला आपल्यालाच पाहत बसावं लागतं.

त्यावरचा उपाय जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यातल्या, पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीने काढला. ध्वनिमुद्रक कसा धरायचा, आवाजाची पातळी कशी बघायची, पंखा आणि टीव्ही का बंद करायचा, हे मी तिला शिकवलं होतं. एका दुपारी तिने मला अगदी नम्रपणे सांगितलं, ‘‘मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा.’’ मी लिंबाखाली जाऊन बसले. आत तिची आजी आणि आजीची जाऊ यांचं जे सुरू झालं ते दोन तास थांबलं नाही. मी असताना त्या दोघी मला त्यांच्या समाजाचा इतिहास सांगत होत्या, सेवालाल महाराज, पोहरादेवी, सगळं नीट क्रमाने. मी उठल्यावर त्या भांडल्या. एक बैल कोणी विकला यावरून, आणि तो विकून निदान चाळीस वर्षं झाली असावीत. टोमणे, शपथा, मध्येच तोडलेली वाक्यं, दुसरीच्या बोलण्याची नक्कल, न बोलता नुसता काढलेला आवाज. भाषेचा जीव अशा जागी असतो, आणि एवढ्या वर्षांच्या माझ्या प्रश्नावल्यांमध्ये तो आला नव्हता.

तेव्हापासून मी बाहेर बसण्याच्या बाजूची आहे. प्रश्न तांड्यातल्या माणसाने विचारावेत, यंत्र त्याच्या हातात असावं, काय नोंदवायचं ते त्याने ठरवावं. मी तंत्र शिकवावं, लेखनाला मदत करावी आणि व्याकरणाच्या गुंत्यात डोकं घालावं. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते अशाने सामग्री ‘नियंत्रित’ राहत नाही. खरं आहे, राहत नाही.

आता कोणी विचारेल, लाखोंनी बोलली जाणारी भाषा, तिला कसली घाई? पण या लाखोंची मोजणी हिंदीत होते. २०११ च्या जनगणनेत हिंदी भाषक आहेत ५२ कोटी ८३ लाख. त्यांतल्या ३२ कोटी २२ लाखांनी हिंदी हेच मातृभाषेचं नाव सांगितलं. उरलेल्या वीस कोटींत भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी यांच्या रांगेत ‘लमाणी/लंबाडी’ सुमारे ३२ लाख ७६ हजार आणि ‘बंजारी’ सुमारे १५ लाख ८१ हजार आहेत. म्हणजे जिंतूरच्या तांड्यातली जी आजी हिंदी सिनेमा नातीला विचारत विचारत बघते, ती सरकारदरबारी हिंदी बोलणारी. उलट, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेकडे २०१३ पासून लुप्तप्राय भाषांसाठी जी योजना आहे तिचा निकष दहा हजारांहून कमी भाषक असा आहे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलणारे दोन-अडीच हजारच लोक उरलेत, आणि ती भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. तिच्यावर १९६२ साली डच पंडित कायपरने पुस्तक लिहिलं, अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी तिथे जाऊन काम केलं. ते व्हायलाच हवं होतं. गोरमाटीची गोष्ट अशी की ती मोठ्यांत मोजली जात नाही आणि मरणाऱ्यांतही बसत नाही. तरी काही काम झालंय. १९७० साली रोनाल्ड ट्रेलचं लमाणीचं इंग्रजी व्याकरण आलं. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ साली मराठीत निघाला, आणि त्या सर्वेक्षणात शक्य तिथे भाषकांनीच आपल्या भाषेवर लिहावं असा आग्रह होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण घाई नाही असं म्हणायची वेळ हीच चुकीची. नोंद करायची तर भाषा धडधाकट असताना करावी. आजी, सून आणि नात एका ओसरीवर बसून एकमेकींना अडवत बोलतात, तोवरच. शेवटच्या एका भाषकाकडून शब्द मिळतील, संवाद मिळणार नाही. संवादाला दोन माणसं लागतात.

जाताना काय जातं तेही दिसू लागलंय. तांड्यातल्या मुलांनी आकडे केव्हाच मराठीत नेले, आणि फोन नंबर तर इंग्रजीतच. म्हाताऱ्या बायका अजून फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी) घालतात. सुना साडी नेसतात, नाती ड्रेस घालतात. एका आजीने पेटी उघडून एकेक नग बाहेर काढला. आरसे कुठे लावायचे, कवड्या कुठे, घुगरी केसांत कशी अडकवायची, कोणता टाका कशासाठी, हे ती सांगत गेली आणि नातीने ते चित्रित केलं. कपडा अंगावरून उतरला की त्याच्या प्रत्येक भागाचं नाव, ते शिवतानाची बोलणी, ते घालण्याबाबतचे नियम, सगळं एकाच पिढीत उतरतं. ही नोंद त्या नातीच्या डोक्यातून आली. माझ्या यादीत कपडे होते, पण शरीराचे अवयव आणि रंग यांच्यानंतर.

सगळंच नोंदवून घेता येत नाही, आणि येऊही नये. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवलेरीचं सुरातलं रडणं. थोरल्या बायका ते तिला आधी शिकवतात. आई, बाप, भाऊ, मैत्रिणी यांच्या गळ्यात पडून ती जे गाते त्यात परंपरेचं जितकं असतं तितकंच तिचं स्वतःचं असतं. घरात लग्न नसताना ढावलो म्हणायला बहुतेक जणी तयार नव्हत्या, अशुभ मानतात. एकीने म्हटलं, पण अट घातली: हे घरातल्या पुरुषांना ऐकवायचं नाही, आणि इंटरनेटवर टाकायचं नाही. संग्रहात ते ध्वनिमुद्रण ‘बंद’ या खुणेने ठेवलं आहे. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा एवढंच आपण समजत आलो. पण या बाईने मला संमतीच्या पायऱ्या शिकवल्या: कोण ऐकू शकतं, कुठे, किती वर्षांनी, आणि मी मेल्यावर हे कोणाला विचारायचं.

लेखनाची सगळी कटकट वाचकाला सांगत बसणार नाही, थोडंच सांगते. एका तासाचं बोलणं लिहून काढायला चाळीस-पन्नास तास सहज जातात. म्हणून आम्ही आधी पुन्हा बोलून घेतो. आजीचं वाक्य ऐकवायचं, दुसऱ्या कोणी तेच सावकाश, तुकड्यातुकड्याने म्हणायचं, मग त्याचा अर्थ मराठीत तोंडी सांगायचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे जमतं, उलट जास्त चांगलं जमतं, कारण तो आजीचं बोलणं पुस्तकी करून ‘सुधारत’ नाही. निमेगनच्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेली ‘एलान’ नावाची प्रणाली फुकट मिळते. तिच्यात आवाज, लेखन आणि भाषांतर एकाखाली एक बसतात. लिपी कोणती? आम्ही देवनागरी वापरतो. तेलंगणातले बंजारा तेलुगू लिपीत लिहितात, कर्नाटकातले कन्नडमध्ये. लग्नात भेटले की तिघं रात्रभर गप्पा मारतील, पण एकमेकांचं पुस्तक वाचता येणार नाही. शिवाय तेच लोक तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि आपल्याकडे विमुक्त जाती. त्यामुळे ध्वनिमुद्रक दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘‘हे सर्टिफिकेटासाठी आहे का?’’ नाही म्हटलं की काही जण उठून जातात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मराठवाड्याला या कामाची परंपराच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी आपल्याला शिवकालाचे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. निजामाच्या नोकरीत आदिलाबादकडे असताना हा माणूस गोंडी आणि कोलामी शिकला, आणि १९५० साली त्याचं कोलामीचं व्याकरण हैदराबादला छापून आलं. मुलकी अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकून तिचं व्याकरण लिहावं! परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला हा नेता गहुलीच्या बंजारा घरातला. गुरं, पाऊस, चारा, वाटा यांबद्दल गोरमाटीत काय साठलंय ते नोंदवायला याहून योग्य जागा कुठली असेल?

आमचं वेळापत्रक साखर कारखाने ठरवतात. श्रावणात सगळे घरी असतात, पोरी टोपल्यांत गहू पेरून तीज मांडतात, तेव्हा कामाला रंग चढतो. दिवाळीच्या अमावास्येला कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघरी ‘मेरा’ मागत फिरतात, तोवर कारखान्यांची बोलावणी आलेली असतात. मग मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात निघतात. तांड्यात म्हातारे आणि लहान मुलं राहतात. होळीची लेंगी नोंदवायची म्हटलं तर गाणारे निम्मे तेव्हा उसाच्या फडात असतात.

यंदा मला बाहेर बसवणाऱ्या त्या मुलीचा भाऊ टोळीबरोबर जातोय आणि ध्वनिमुद्रक त्याच्या पिशवीत असणार आहे. काय टिपायचं याची यादी दोघा भावंडांनी केली: पहाटे कोपीत चूल पेटतानाचं बोलणं, मोळ्या बांधतानाची चेष्टा, गाडी भरताना एकमेकांना घातलेल्या हाका, फडातली होळी, आणि मुकादमाशी होणारा हिशेब. शेवटच्या नोंदीपुढे तिने ‘बंद’ लिहिलंय. विचारलं तर म्हणाली, उचल फिटेपर्यंत हे कोणालाच ऐकवायचं नाही, तुम्हालासुद्धा नाही.